टोपलीखालून वाचायची बातमी

“पण कमी करायचं म्हणजे किती, आप्पाजी?”

हेरवाडे सरांनी पुन्हा विचारलं.

मठाच्या ओसरीवर बसून आप्पाजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दाणे ताटात, टरफलं सुपात, न फोडलेल्या शेंगा मांडीजवळच्या टोपलीत.

सर त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

“समजलं. टरफल टाकायचं, दाणा ठेवायचा. असंच ना?”

“नाही,” आप्पाजी म्हणाले. “चटणी करायचीय.”

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सरांच्या पत्नी कुमुदताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. दुसरा कोपरा आजारापासून अजून पुरता जागा झाला नव्हता.

सरांनी ते पाहिलं. चैत्रापासून ते त्या कोपऱ्याच्याच पाळतीवर होते.

चैत्रात कुमुदताईंना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला. हात परत आला, बोलणं परत आलं, चहात साखर कमी पडल्याचं कळायला लागलं. सर रोज सकाळी देवाचे आभार मानत, डॉक्टरांचे मानत आणि भर गर्दीतून दवाखाना गाठून देणाऱ्या रिक्षावाल्याचेही मानत. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख त्यांना अजून होती.

परत आलं नव्हतं ते वाचन.

कुमुदताई म्हणजे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारी बाई. स्थळांच्या जाहिराती वाचून ‘ह्या मुलाचं काही खरं नाही’ असं परस्पर ठरवून टाकणारी. अग्रलेखावरून नवऱ्याशी वाद घालता घालता दोघांचा चहा गार करणारी. आता मात्र तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली ओळ हातातून निसटायची.

“डोकं जड होतं हो,” एवढंच म्हणायच्या आणि पेपर घडी करून ठेवायच्या. घडी अजून नीट करायच्या, तेच बघवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, ओढ टिकली तर वाचन येईल. ओढच गेली तर मात्र अवघड.

अशातच सुप्रिया नाडगौडा घरी आली. सरांची जुनी विद्यार्थिनी. तिनं मोबाइलवर बातम्या पाठवायचं काम सुरू केलं होतं. एक बातमी, एक स्क्रीन. बोटानं वर सरकवावी लागू नये.

“सर, तुम्ही बातम्या लहान करून द्याल का?”

एरवी सरांनी तिला भाषेच्या ऱ्हासावर तासभर ऐकवलं असतं. पण त्यांची नजर आतल्या खोलीकडे गेली. “देईन,” ते म्हणाले. म्हाताऱ्याला कुणी काम सांगितलं, याचंच त्यांना भरून आलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी सर बातमी लहान करत. अक्षर मोठं ठेवत. सगळ्यांच्या आधी ती कुमुदताईंच्या मोबाइलवर जाई.

कुमुदताई फोन उचलत. दीड ओळ वाचत. मग फोन पालथा घालून उशीशी ठेवत.

तक्रार नाही. प्रश्न नाही. काहीच नाही...

त्या पालथ्या फोनपायी सर आज इथं आले होते. हा मठ कुमुदताईंच्या माहेरच्या गावचा. आप्पाजींनी तिला परकरात असल्यापासून पाहिलेलं. आणि मठाच्या दारात आप्पाजींचा फलक होता.

काळा, लाकडी, कडा झिजलेला. डोंगरातल्या वाड्यांवरून आठवड्याच्या बाजाराला उतरणारी वाट बरोबर त्याच्यासमोरून जायची. बायका डोक्यावर भारे आणि पाट्या घेऊन येत. बाजाराच्या दिवशी पहाटे आप्पाजी पेपर वाचत आणि फलकावर खडूनं बातमी लिहीत. वाटेच्या पलीकडे डोक्याइतक्या उंचीचा एक दगडी ओटा होता. कुणाचा हात न लागता ओझं डोक्यावरून सरळ त्याच्यावर सरकवता यावं, म्हणून कुणीतरी जुन्या काळी बांधलेला.

आज बाजारच होता. पण फलक अजून कोरा होता.

“तुमची एक बातमी वाचा बघू,” आप्पाजी म्हणाले.

सरांनी चष्मा पुसला. खिशातून मोबाइल काढला. घसा साफ केला. मूळ बातमी अर्धं पान होती, हे आधी सांगून घेतलं.

मग वाचलं.

“‘तालुक्यातील प्रलंबित दळणवळण सुविधांसंदर्भात संबंधित विभागाकडून प्राप्त माहितीनुसार, हवामान व अन्य तांत्रिक बाबी अनुकूल राहिल्यास, कोवळेवाडी परिसरातील पुलावरून प्रवासी वाहतूक येत्या सोमवारपासून सुरू होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’”

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

“एका स्क्रीनमध्ये मावते,” सर हळूच म्हणाले.

“मावते की.”

“एकही शब्द चुकीचा नाही.”

“नाही.”

“मग?”

आप्पाजींनी एक दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

“ही कुणाला भिऊन लिहिलीत, सर?”

...

सरांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

आयुष्यभर त्यांनी प्रबंध तपासले होते. ‘हे कशावरून?’ असं समासात लिहून पोरांना घाम फोडला होता. आता स्वतः लिहायला बसले की समोर तसाच कुणीतरी लाल पेन घेऊन बसलेला असायचा. त्याला बोट ठेवायला जागा सापडू नये म्हणून ते ‘माहितीनुसार’ घालत. मग ‘अनुकूल राहिल्यास’. मग ‘शक्यता’. तरी धीर होईना म्हणून ‘नाकारता येत नाही’.

“कुणीतरी म्हणेल, चुकलं,” ते म्हणाले.

“कुणी म्हटलं?”

“अजून तरी नाही.”

“वाचली कुणी?”

सरांची नजर आपोआप ओसरीच्या टोकाकडे गेली. कुमुदताई अंगणातल्या चिमण्यांकडे बघत होत्या. फोन शेजारी पालथा होता.

“...नाही.”

आप्पाजी गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चला. ही फलकावर लिहा.”

सरांना हायसं वाटलं. फळ्याशी त्यांचं जुनं नातं होतं. त्यांनी वळणदार अक्षरात पूर्ण बातमी लिहिली. फलक काठोकाठ भरला. शेवटचा ‘नाही’ कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवावा लागला.

मागं वळतात तो आप्पाजी शेंगांची टोपली घेऊन उभे. दुसऱ्या हातात कापडाची चुंबळ.

“वाका थोडं.”

“मी?”

“मग काय कुमुद?”

“आप्पाजी, माझ्या मानेचं दुखणं... डॉक्टरांनी...”

“माझी मान तुमच्याहून जुनी आहे. वाका.”

सर वाकले. आप्पाजींनी त्यांच्या विरळ केसांवर चुंबळ ठेवली, तिच्यावर टोपली. फार जड नव्हती. पण सरांना आपलं डोकं एकदम कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं.

“आता त्या वळणावरून चालत या. फलकासमोरून जाताना वाचा. थांबायचं नाही.”

सर वळणापर्यंत गेले. दोन्ही हातांनी टोपली धरून परत निघाले. मान ताठ, नजर पुढं, पाय चाचपडत.

“तालुक्यातील प्रलंबित दळणवळण...” टोपली डावीकडं कलली. त्यांनी सावरली. “...संदर्भात संबंधित विभागाकडून...”

फलक मागं पडला.

“काय कळलं?” आप्पाजींनी विचारलं.

“विभाग,” सर म्हणाले.

ओसरीवरून खुदकन आवाज आला. सरांना मान वळवता येईना, म्हणून ते अख्खे वळले. कुमुदताई पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

“अगं, हसतेस काय!”

“काही नाही,” कुमुदताई म्हणाल्या. “टोपली छान दिसते.”

सर पुन्हा वळणापर्यंत गेले. बायकोला हसवायला त्यांनी त्या घडीला दळणाचा डबासुद्धा डोक्यावर घेतला असता.

या खेपेला ‘तांत्रिक बाबी’पर्यंत पोचले.

“उतरवू का आता?”

“बातमी संपली?”

“नाही.”

“मग?”

“पण आप्पाजी,” सर चिडलेच जरा, “हे फलकाचं ठीक आहे. मोबाइलवर वाचणाऱ्यांच्या डोक्यावर थोडीच पाट्या असतात?”

“नसतात?”

आप्पाजी एवढंच म्हणाले आणि ओसरीकडे बघत राहिले.

सरांनीही तिकडं पाहिलं. भिंतीला टेकलेली मान. मांडीवर सांभाळून ठेवलेला हात... डोकं जड होतं हो.



मग सर फलकाशी गेले. एका हातानं टोपली धरली, दुसऱ्या हातात फडकं घेतलं. पहिल्यांदा ‘प्रलंबित दळणवळण सुविधांसंदर्भात’ पुसलं. मग ‘संबंधित विभाग’. ‘तांत्रिक बाबी’ पुसताना हात किंचित अडला, पण पुसल्या.

‘शक्यता’पाशी मात्र ते थांबले.

“हे नाही पुसता यायचं मला,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “सोमवारी गाडी आली नाही तर? कुणीतरी माझ्या शब्दावर पुलापाशी येऊन उभं राहील, आप्पाजी. उन्हात. ही भीती लाल पेनाची नाही.”

आप्पाजींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “ही चांगली भीती आहे. ही ठेवा.”

“मग लिहू काय?”

“गाडी सोडणार हे कुणी सांगितलं?”

“डेपो मॅनेजरांनी.”

“मग त्यांचं नाव काढायला लाजता कशाला?”

सरांनी सगळा फलक पुसून काढला. खडूची पांढरी धूळ शेंगांवर आणि भुवयांवर बसली. मग त्यांनी लिहिलं.

‘कोवळेवाडीचा पूल दुरुस्त झाला.
सोमवारपासून एसटी सुरू, डेपो मॅनेजर म्हणाले.’

खाली पुष्कळ फलक कोरा राहिला. सरांना तो उघड्या अंगासारखा वाटला. तिथं निदान पुलाचा इतिहास तरी...

तेवढ्यात वळणावर पाटी दिसली. रताळ्यांनी भरलेली. पाटीखाली गंगव्वा. चालायचा वेग असा, की वाटेनंच बाजूला व्हावं.

तिनं आधी सरांना पाहिलं.

“आप्पाजी, ह्यो कोण नवा हमाल आणलाय मठात?”

“प्राध्यापक आहेत,” आप्पाजी म्हणाले.

“अगं बया. एवढं शिकून पाटीच आली व्हय नशिबाला!”

आणि हसत हसत, न थांबता, तिनं फलकावर नजर टाकली. ओठ हलले. को-व-ळे-वा-डी-चा... वाचून झालं, फलक मागं पडला, ती पुढं गेलीसुद्धा.

सरांनी नकळत रोखलेला श्वास सोडला. न थांबता वाचलं! जमलं! त्यांनी मोठ्या आशेनं आप्पाजींकडं पाहिलं.

आप्पाजी त्यांच्याकडं बघतच नव्हते. ते गंगव्वाच्या पायांकडं बघत होते.

पाय थांबले होते.

गंगव्वा मागं फिरली. दगडी ओट्याला पाठ लावली, मान जरा मागं केली आणि पाटी अलगद वर सरकवली. चुंबळीनं तोंडावरचा घाम पुसत ती फलकासमोर येऊन उभी राहिली.

“व्हय वो मास्तर. गाडी कवा सुटतीया? सकाळच्याला का दुपारच्याला?”



“बघा! वेळ राहिली! मी म्हणत नव्हतो, काहीतरी राहणार म्हणून...” सर खडू घेऊन फलकाकडं धावले.

आप्पाजींनी त्यांचं मनगट धरलं. हात म्हातारा होता, पण पकड पक्की होती.

“ती फलकाला विचारत नाही,” आप्पाजी म्हणाले. “तुम्हाला विचारतेय.”

सर वळले.

“सकाळी सात वाजता,” ते म्हणाले. “इथल्या स्टँडवरून. दुसरी दुपारी तीनला. परतीची गाडी संध्याकाळी आहे. पहिले काही दिवस पुलावर हळू जाईल, भराव नवा आहे म्हणून. आणि बाई, हे डेपो मॅनेजरांनी सांगितलंय. निघायच्या आधी, रविवारी एकदा स्टँडवर विचारून घ्या.”

“एका दिसात जाऊन येता येतंय म्हना की.”

“कुणी आहे का तिकडं?”

“लेक दिलीया कोवळेवाडीला. बाळंत झालीया.” गंगव्वानं डोंगराकडं हात केला. “पावसात पूल खचला, तवापास्नं आडवाटनं चालत जायाचं म्हंजे उजाडल्यापास्नं मावळंपतूर. ह्या गुडघ्यानं कुटलं हुतंय? नातवंडाचं तोंड फोनात बघिटलंय. फोनात का वास येतोय बाळाचा?”



“मुलगा आहे?” सरांनी विचारलं.

“पोरगी हाय. झिपरी हाय म्हनत्यात, माज्यावानी.” गंगव्वा हसली. “जातो आता सोमवारी पयल्या गाडीला.”

ती ओट्याकडं गेली. दोन मोठी रताळी निवडली. परत येऊन ती सरांच्या डोक्यावरच्या टोपलीत टाकली.

“अहो बाई, हे कशाला?”

“असू दे वो. ग्वाड हाईत. उकडून खावा दोगं.”

ओट्याला पाठ लावून तिनं पाटी पुन्हा डोक्यावर ओढून घेतली आणि मघाच्याच वेगानं ती बाजाराकडं उतरून गेली.

सर तिच्या पाठमोऱ्या पाटीकडं बघत राहिले. लाल पेनवाला कुठं दिसत नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या लिहिण्याचे असे कुणी आभार मानले नव्हते. आणि खरं तर आभार तिचे मानायचे होते, हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. नेहमीसारखंच, उशिरा.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. फलकावरच्या दोन ओळी अंगठ्यानं टिपून घेतल्या. एकदा तपासल्या. पुन्हा तपासाव्या असं वाटलं... आणि पाठवून दिल्या.

ओसरीवर बारीकसा आवाज झाला. कुमुदताईंचा फोन.

सरांनी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं. चिंचेकडं बघितलं, कुंपणाकडं बघितलं. मग राहवेना.

कुमुदताईंनी फोन सुलटा केला होता. दोन्ही हातांत धरला होता. बोट ओळीखालून सावकाश सरकत होतं, पहिलीच्या मुलीसारखं. ओळीच्या शेवटी पोचलं. खालच्या ओळीवर उतरलं. मध्येच पुन्हा वर गेलं.

सरांना वाटलं, निसटली. पहिली ओळ निसटली.

बोट पुन्हा खाली आलं. शेवटच्या शब्दापर्यंत गेलं आणि तिथं टेकलं.

फोन पालथा झाला नाही.

कुमुदताईंनी मान वर केली. कपाळाला आठी पडली होती. ती आठी सरांच्या चांगली ओळखीची होती. अग्रलेखाच्या दिवसांतली.

“अहो...”

“काय गं?”

“आत्ता दुरुस्त झाला म्हणे. एवढा खचलाच कसा हा पूल? आणि इतके दिवस काय झोपले होते का सगळे?”

...

चैत्रापासूनचा पहिला प्रश्न. आणि त्यात भांडण होतं! चांगलं जुनं, चहा गार करणारं भांडण.

सरांचे डोळे भरून आले. कुणाचे आभार मानावेत ते कळेना. सुप्रियाचे, गंगव्वाचे, डेपो मॅनेजरचे, त्या निनावी रिक्षावाल्याचे. ते अंगणातून ओसरीकडं निघाले, ठेचकाळले, सावरले. टोपलीला हात लावायचं कधीच विसरून गेले होते. तरी ती हलली नाही. सगळी अर्ध्या पानाची बातमी त्यांच्या ओठांवर येऊन उभी होती. भराव कसा वाहून गेला, निविदा कितीदा निघाल्या, कोवळेवाडीच्या लोकांनी श्रमदानानं लाकडी साकव बांधला तो कसा गेला, पुलाचं काम करणारा तो तरुण इंजिनिअर काय म्हणाला...

पायरीपाशी ते एकदम थबकले.

बिचारी आत्ता कुठं दोन ओळी वाचून वर आली होती. आपण हे सगळं ओतायला निघालो. पुन्हा डोकं जड झालं तर? पुन्हा फोन पालथा झाला तर?

त्यांनी केविलवाण्या चेहऱ्यानं मागं पाहिलं. आप्पाजी ताटातले दाणे गोळा करत होते.

“आप्पाजी... हिला सांगायचं तरी किती?”

आप्पाजींनी वर पाहिलं. सरांच्या डोक्यावर शेंगा होत्या, रताळी होती, भुवयांवर खडू होता. ओसरीवर कुमुदताई, उत्तराची वाट बघत, पुढं झुकून बसल्या होत्या.

“आधी टोपली उतरवा, सर,” आप्पाजी म्हणाले. “मग सगळं सांगा.”